वजन उतरवताना स्वतःला शिव्या घालताय? या चुका टाळा

गणेश चवथ झाली की माझ्या योगवर्गाला गळती लागते. आदल्या महिन्यात वीस-बावीस जणी असतात. विसर्जनानंतरच्या सोमवारी दहासुद्धा येत नाहीत. फोंड्यात वर्ग घ्यायला लागल्यापासून दरवर्षी हेच बघते. फोन केला की उत्तर ठरलेलं: "ताई, नेवऱ्या खाल्ल्या, सगळं फुकट गेलं." नेवऱ्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांनी, काहीच फुकट जात नाही. त्या खाल्ल्यावर आपण स्वतःला जे बोलतो, त्याने जातं.

"आता बिघडलंच आहे, तर..."

वर्गातल्या एका वहिनींनी सहा महिन्यांत सहा किलो उतरवले होते. काही अघोरी न करता: रात्रीचा भात निम्मा, रोज पाऊण तास चालणं. चवथीचे दोन दिवस खतखतं, पातोळ्या, नेवऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो जास्त. त्यांनी तो दिवस कोऱ्या चहावर आणि काकडीवर काढला, संध्याकाळी घेरी आली आणि रात्री स्वयंपाकघरात उभ्यानेच नेवऱ्यांचा अर्धा डबा संपवला. सकाळी पुन्हा उपास, रात्री पुन्हा डबा. दहा दिवसांनी चालणंही सुटलं. माघात मंगेशीच्या जत्रेत भेटल्या, तेव्हा सहाही किलो परत आले होते. म्हणाल्या, "तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणून आले नाही." ते वाक्य मला अजून टोचतं.

आता हिशेब बघा. 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दीड किलो चरबी चढायला दोन दिवसांत, रोजच्या जेवणाच्या वर, साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. एवढं कोण खातं? वाढलं ते बहुतेक पाणी. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, आणि भात-गोडातून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा साठा वाढला की त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं. नेहमीचं जेवण सुरू केलं की चार-सहा दिवसांत बरंचसं उतरतं. वहिनींचे सहा किलो त्या दोन दिवसांत परत आले नव्हते, नंतरच्या पाच महिन्यांत आले.

याचा अभ्यासही झालाय. 1975 साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही मुलींना आधी मिल्कशेक पाजलं, मग पुढे आइस्क्रीम ठेवलं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. पथ्य मोडलंच, मग आता कशाला थांबा! 2007 मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी या संशोधकांनी डोनट खाऊ घातल्यावर काही जणींना एवढंच सांगितलं की हे सगळेच खातात, स्वतःला बोल लावू नका. पथ्यावर असलेल्यांपैकी ज्यांनी हे ऐकलं, त्यांनी नंतर गोळ्या-चॉकलेट कमी खाल्ली.

माझी स्वतःची सवय साधी आहे. जास्त खाल्लं की पुढचं जेवण चुकवत नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी हुमण-भात, नेहमीइतकाच. सणानंतर आठवडाभर काट्यावर चढत नाही. आणि वहीत एक ओळ लिहिते, जी मी नणंदेला म्हटली असती: "सण होता, खाल्लंस, बरं केलंस. उद्या चालायला ये."

माया म्हणजे सूट नव्हे

"आज स्वतःचे लाड" म्हणत रोज संध्याकाळी मिरची भजी खाणं ही माया नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला आपण भजीही देऊ आणि हात धरून चालायलाही नेऊ. तसं स्वतःशी वागायचं. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये आत्मकरुणेची मांडणी केली, त्यात तीन गोष्टी आहेत: स्वतःशी मायेनं बोलणं, हे माझ्या एकटीचंच होत नाही हे जाणणं, आणि घडलं ते वाढवून-चढवून न बघणं. यात कुठेही "खात सुटा" म्हटलेलं नाही.

लग्नातला बारीक असतानाचा फोटो फ्रिजवर लावू नका. काढा तो, आजच.

नवऱ्याशी तुलना नको. पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, त्यांचं वजन सुरुवातीला लवकर उतरतं.

"पंधरा दिवसांत पाच किलो" हवे असणाऱ्यांना मी वर्गात घेत नाही. स्पष्ट सांगते, रागावले तरी चालेल. महिन्याला दोन किलो पुष्कळ झाले, आणि एकूण वजनाच्या 5 टक्के उतरलं तरी साखर-रक्तदाबाला फरक पडतो.

सगळं नीट करूनही काटा हलत नसेल, तर स्वतःला आळशी म्हणण्याआधी थायरॉइड तपासा, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि लपून, थांबता न येण्याइतकं खाणं वारंवार होत असेल किंवा खाल्ल्यावर उलटी काढत असाल, तर माझ्या वर्गात येण्याआधी डॉक्टरांकडे जा. एकटीला धीर होत नसेल तर मला सांगा, मी बरोबर येते.