फिजिक्स शिकवताना या चुका टाळा: शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात एक किलो कांद्यांचं वजन एक किलोच असतं. वर्गात आलं की तेच 9.8 न्यूटन होतं आणि नववीची मुलं माझ्याकडे संशयानं बघतात. बाजारातला शब्द चुकीचा ठरवून लगेच व्याख्या लिहून देणं, ही माझी जुनी चूक. आता विचारतो: हीच पिशवी चंद्रावर नेली तर भाजी कमी होईल का? नाही, कांदे तेवढेच, म्हणजे वस्तुमान तेवढंच. वजन, म्हणजे खाली ओढणारं गुरुत्वाचं बल, मोजणारा स्प्रिंगचा काटा मात्र साधारण सहावा हिस्सा दाखवेल. दोन पारड्यांचा तराजू तिथेही एक किलोच म्हणेल. इथे मुलं वाद घालतात, घालू द्या.

खरी अडचण 'कार्य' शिकवताना येते. ठाणे स्टेशनवर दहा किलोची बॅग हातात धरून लोकलची वाट बघत उभे राहिलात, तर बॅगेवर झालेलं कार्य शून्य, कारण बॅग जागची हललीच नाही. "मग हाताला रग का लागते, सर?" एका मुलीनं विचारलं होतं. "व्याख्याच तशी आहे," असं सांगून मी पुढे गेलो. त्या दिवशी तिचं लक्ष उडालं ते उडालंच. उत्तर अवघड नव्हतं. बॅग नुसती धरून ठेवतानाही स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत असतात. ऊर्जा खर्च होते, पण शरीराच्या आतच, आणि उष्णता होऊन जाते. बॅगेला त्यातलं काही मिळत नाही. हीच बॅग खुंटीला टांगा. खुंटी काही डबा खात नाही! पादचारी पुलावर सहा मीटर वर चढवलीत, तर मात्र गुरुत्वाविरुद्ध 10 × 9.8 × 6, म्हणजे 588 ज्यूल कार्य.

लोकलनं ब्रेक मारला की 'जडत्वाच्या बलानं' पुढे फेकलो, असं लिहू देऊ नका. पुढे कोणीच ढकललं नाही. पाय डब्याबरोबर थांबले, धड आधीच्याच वेगानं निघालं होतं.

वीजबिलातलं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, किलोवॅट प्रति तास नव्हे. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, म्हणजे 36 लाख ज्यूल.

शेवटची चूक: गणित सुटलं म्हणजे समजलं, असं धरून चालणं. मी तलावपाळीची, म्हणजे तळ्याभोवतीची, पूर्ण फेरी देतो आणि सरासरी वेग विचारतो. सूत्रात आकडे घालणारे चाल, म्हणजे कापलेलं अंतर भागिले वेळ, काढून मोकळे होतात; वेग मात्र विस्थापनावरून, म्हणजे सुरुवात ते शेवट या सरळ अंतरावरून, काढायचा. फेरी संपते तिथेच सुरू झाली होती, म्हणून उत्तर शून्य आहे. मग अर्ध्या फेरीचं विस्थापन दाखवायला सांगतो. पाण्यावरून सरळ पलीकडे बोट गेलं, की मी पुढचा धडा काढतो.