ट्रक शिकताना घरखर्च कसा भागवायचा? या चुका टाळा

जड वाहन शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. या काळात जी मुलं अर्ध्यातून सोडून गेली, त्यातल्या बहुतेकांना गाडी जमत होती, घरभाडं जमत नव्हतं. रोज वेळेवर येणारा मुलगा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खाडे करायला लागतो, मग फोन उचलत नाही आणि काही दिवसांनी कळतं की तो जुन्या कामावर परत गेलाय. फी गेली ती गेलीच, हातही अर्धवट बसलेला राहिला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातले बरेच जण महिनाभर आधी वही घेऊन बसले असते, तर आज स्टेअरिंगवर असते.

फी मोजली, दिवस मोजलेच नाहीत

बाकीच्या सगळ्या चुका या एका चुकीतून निघतात, म्हणून हिच्यावर जरा थांबू.

‘सहा आठवड्यांचा कोर्स आहे, दीड महिन्याचे पैसे बाजूला काढलेत,’ असं मुलं सांगतात. पण घर दीड महिना चालवायचं नसतं. जुना शेवटचा पगार हातात पडला त्या दिवसापासून नवा पहिला पगार येईल त्या दिवसापर्यंत ते चालवायचं असतं. कोर्स हा त्या मधल्या काळाचा फक्त एक तुकडा आहे.

हा काळ किती लांबेल हे बऱ्याच अंशी नियमांवर ठरतं. भारतात मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातला जड वाहनाचा कोर्स 6 आठवड्यांत 38 तासांचा असतो. पण त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स हातात असून एक वर्ष उलटलेलं हवं, वय 20 पूर्ण हवं आणि लर्निंग लायसन्स मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी 30 दिवस थांबावं लागतं. युरोपीय संघात कोर्स करून व्यावसायिक चालकाची प्रारंभिक पात्रता मिळवायची, तर पूर्ण प्रशिक्षण 280 तासांचं आणि वेगवान 140 तासांचं आहे. अमेरिकेत लर्नर परमिट मिळाल्यावर निदान 14 दिवस गाडीची टेस्ट देता येत नाही. 7 फेब्रुवारी 2022 पासून तिथे नोंदणीकृत संस्थेतून प्राथमिक प्रशिक्षण घेणंही सक्तीचं झालंय. म्हणजे कोर्स संपला की लगेच लायसन्स आणि लायसन्स आलं की लगेच पगार, असं सहसा कुठेच होत नाही.

आता वहीत एकाखाली एक लिहा. कोर्स 6 आठवडे. टेस्टची तारीख मिळेपर्यंत 3. एकदा नापास झालात तर पुन्हा तारीख मिळेपर्यंत 2. नोकरी शोधणं, कागदपत्रं, कंपनीची स्वतःची चाचणी यात 3. रुजू झाल्यावर पहिला पगार यायला 4. बेरीज 18 आठवडे, म्हणजे चार महिन्यांच्या वर. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, ते ड्रायव्हिंग शाळेत आणि परिवहन कार्यालयात विचारून भरा. पण नापास होण्याची ओळ खोडू नका. चांगला हात असलेली मुलंही पहिल्या टेस्टला घाबरून खुणेसाठी ठेवलेले शंकू, म्हणजे कोन पाडतात. भारतात नापास झाल्यावर 7 दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते, पण तीनदा नापास झालात तर 60 दिवस थांबावं लागतं. ते 60 दिवस घरभाडं काही थांबत नाही.

मग महिन्याचा घरखर्च लिहा आणि खरा लिहा. भाडं, वीज, किराणा, मुलांची फी, औषधं, चालू हप्ते, शिवाय यार्डापर्यंत, म्हणजे गाडी शिकवतात त्या मैदानापर्यंत रोज जाण्यायेण्याचा खर्च. हा शेवटचा आकडा जवळपास सगळे विसरतात. जड वाहनांची यार्डं मोकळ्या जागी, वस्तीपासून लांब असतात आणि सकाळी लवकर सुरू होतात.

पहिल्याच दिवशी नोकरी सोडणं

उत्साह असतो, समजू शकतो. पण फी भरली म्हणून दुसऱ्या दिवशी राजीनामा देण्याचं काहीच कारण नाही. वैद्यकीय तपासणी, लर्निंग लायसन्स, वाहतुकीचे नियम, चिन्हं, लेखी परीक्षेचा अभ्यास हे सगळं नोकरी सांभाळून होतं. नोकरी सुटायला हवी ती गाडीवर बसायचे दिवस सुरू होतात तेव्हा. काही शाळा शनिवार-रविवारी किंवा संध्याकाळची बॅच घेतात. तसं असेल तर तेव्हाही सोडू नका. अशा बॅचला कोर्स लांबतो, पण खिसा रिकामा होत नाही.

आणि तपासणी सगळ्यात आधी करा, फी भरण्याच्याही आधी. भारतातल्या वैद्यकीय दाखल्यात डॉक्टरांना स्पष्ट लिहावं लागतं की उमेदवाराला तीव्र रंगांधळेपणा आहे का, तो चांगल्या उजेडात 25 मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचू शकतो का. इतर देशांतही डोळे, कान, रक्तदाब, मधुमेह, झोपेचे आजार पाहतात. माझ्याकडे एक जण दुकानातली पक्की नोकरी सोडून, पूर्ण फी भरून आला होता. रंग ओळखण्याच्या तपासणीत तो अडकला. आयुष्यभर त्याला ते ठाऊकच नव्हतं. तो यार्डाच्या फाटकाशी कितीतरी वेळ उभा होता आणि त्याला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. एका सकाळच्या तपासणीने त्याची नोकरी वाचली असती.

रात्रभर काम, सकाळी यार्ड

पैसे कमी पडतात म्हणून मुलं नाइट ड्युटी धरतात. त्यांची अडचण खरी असते, म्हणून मी रागावत नाही. पण काय होतं ते सांगतो.

ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टेअरिंग डावीकडे. डोळा एका आरशातून दुसऱ्या आरशात सतत फिरता हवा, वेग चालण्यापेक्षाही कमी हवा आणि शेपूट वळायला लागलं की लगेच स्टेअरिंग परत आणायला हवं. तो क्षण चुकला तर ट्रेलर आणि पुढचा भाग चाकूसारखे दुमडतात, मग पुढे घेऊन पहिल्यापासून सुरुवात. रात्रभर जागून आलेल्या मुलाचा हात बरोबर असतो, पण तो अर्धा सेकंद उशिरा फिरतो. मी शेजारी बसून पाहतो. एकाच आरशावर नजर खिळलेली असते आणि दुसऱ्या बाजूचा कोन चाकाखाली जातो. चार वेळा तेच झालं की त्याला वाटतं आपल्याला जमतच नाही. जमत असतं. झोप झालेली नसते.

म्हणून जोडकाम निवडताना झोप वाचेल असंच निवडा. सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवसाचं काम रोजच्या रात्रपाळीपेक्षा बरं. आणि जमलं तर ट्रकच्या आसपासचं काम धरा. गोदामात माल चढवणं-उतरवणं, पॅलेट लावणं, ताडपत्री आणि दोर बांधणं, मालाची कागदपत्रं जुळवणं. तिथे वजन कुठे ठेवलं की गाडी कुठे झुकते हे डोळ्यांनी दिसतं आणि ड्रायव्हर भरती करणाऱ्या माणसांशी ओळखी होतात. माझ्या काही मुलांना पहिली नोकरी अशा ओळखीतूनच लागली.

‘शिक्षण फुकट’ म्हटलं की सही

काही वाहतूक कंपन्या स्वतःच्या खर्चाने शिकवतात आणि बदल्यात ठरावीक काळ त्यांच्याकडेच काम करायचं लिहून घेतात. हा मार्ग वाईट नाही. ज्याच्याकडे काहीच शिल्लक नाही त्याच्यासाठी तो कित्येकदा एकमेव असतो. मात्र करार घरी आणून वाचा, आणि वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याकडून समजून घ्या.

शिक्षणाची किंमत कागदावर किती लावलीय? मध्येच नोकरी सोडली तर सगळी रक्कम भरायची, की जितके महिने काम केलं तितकी ती कमी होत जाते? कंपनीनेच काढून टाकलं तर काय? टेस्टमध्ये नापास झालात तर? आणि घरखर्चाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही: शिकण्याच्या दिवसांचे पैसे मिळतात का? राहण्याची सोय असेल, पण घरी पाठवायला हातात काही येतं का? भत्ता देतात असं तोंडी सांगितलं असेल तर तो कागदावर लिहून मागा. मूळ लायसन्स किंवा शाळेचे मूळ दाखले ठेवून घ्यायला सांगितलं तर देऊ नका, छायाप्रत द्या.

सरकारी मदतीचीही चौकशी करा. बऱ्याच देशांत कौशल्य प्रशिक्षणासाठी किंवा बेरोजगारांसाठी योजना असतात. कोर्स सुरू झाल्यावर केलेला अर्ज काही योजनांत धरला जात नाही, त्यामुळे अर्ज आधी, प्रवेश नंतर.

कर्ज आधी, हिशेब नंतर

फीसाठी घेतलेलं कर्ज आणि घरखर्चासाठी घेतलेलं कर्ज यांत फरक करा. फीची रक्कम ठरलेली असते. घरखर्चाचं कर्ज दर महिन्याला वाढत जातं. फोनवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज या काळात आगीतून फुफाट्यात नेतं, कारण त्याचा पहिला हप्ता बहुधा महिन्याभराच्या आतच येतो आणि तुमचा पगार अजून तीन महिने लांब असतो. कर्ज घ्यावंच लागलं तर पहिला हप्ता कधी सुरू होणार हे व्याजाच्या दराइतकंच महत्त्वाचं माना. शाळेला फी टप्प्याटप्प्याने घेण्याबद्दल विचारा. न विचारताच ‘नाही म्हणतील’ असं समजणारे फार आहेत.

आधीपासून चालू असलेल्या हप्त्यांबद्दल बँकेशी बोलायचं तर ते हप्ता चुकण्याआधी. घरमालकाशीही तसंच. ‘पुढचे तीन महिने भाडं दहा दिवस उशिरा देईन’ हे आधी सांगितलं तर बरेच जण ऐकून घेतात. तारीख उलटून गेल्यावर सांगितलेलं तेच वाक्य थापेसारखं वाटतं.

स्वस्त पडतं म्हणून फक्त ऑटोमॅटिक गाडी

थोडक्यात सांगतो. काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, ऑटोमॅटिक ट्रकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर तशी अट पडते आणि मॅन्युअल गिअरचा ट्रक चालवता येत नाही. अट काढायला पुन्हा टेस्ट, म्हणजे पुन्हा बिनपगारी दिवस. तुमच्या भागातल्या गाड्या कशा आहेत ते बघून मगच ठरवा.

घरात पूर्ण न सांगणं

‘उगाच काळजी करतील’ म्हणून पुरुष हे फार करतात. बायकोला किंवा आईला वाटतं दीड महिन्याचा प्रश्न आहे. तिसऱ्या महिन्यात घरात भांडण होतं आणि त्या ताणाखाली माणूस कोर्स सोडतो. ती वरची वहीची बेरीज घरातल्यांसमोरच मांडा. कुठला खर्च पुढे ढकलता येईल हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

पैसे मध्येच संपले तर

घाबरून गायब होऊ नका. त्याच दिवशी शाळेत जाऊन सांगा. आम्हाला तारखा पुढे ढकलता येतात, बॅच बदलता येते, पण आलाच नाहीत तर काहीच करता येत नाही. उरलेले तास नंतर मिळतील असं लेखी घ्या आणि मग महिना-दीड महिना काम करून परत या.

थांबण्याआधी तुमच्या कागदांची मुदत मात्र बघा. भारतात लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं. ब्रिटनमध्ये लॉरीची लेखी परीक्षा पास झाल्यावर 2 वर्षांच्या आत गाडीची टेस्ट पास व्हावी लागते. मुदत संपली तर तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून. आणि टेस्ट दोन आठवड्यांवर असेल तर काहीही करून ते दोन आठवडे काढा. उधारी करायची वेळ असेलच तर ती हीच, कारण इथे थांबलात तर हात सुटतो आणि परत आल्यावर तीच तयारी करायला नव्याने तास विकत घ्यावे लागतात.

पहिला पगार पूर्ण येईल असं धरणं

नवीन ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी लगेच एकट्याला गाडी देत नाहीत. काही आठवडे जुन्या ड्रायव्हरबरोबर फिरावं लागतं आणि त्या काळात मोबदला कमी असतो. अमेरिकेत अनेक कंपन्या मैलावर पैसे देतात, म्हणजे माल भरायला उभी असलेली गाडी कमाई करत नाही. महिन्याच्या मध्ये रुजू झालात तर पहिला पगार अर्ध्याच महिन्याचा. वर रस्त्यावरचं जेवण, आंघोळ, पार्किंग, हातमोजे, जाड तळाचे बूट, अंगावर घालायचं चमकणारं जॅकेट असे सुरुवातीचे खर्च तुमच्याच खिशातून.

म्हणून रुजू होण्याआधी चार गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा: पगाराची तारीख कोणती, पहिल्या महिन्यात किती दिवसांचे मिळणार, फेरीचा भत्ता आधी देतात की बिलं दाखवल्यावर, आणि कशाकशाची कपात होणार. भत्ता नंतर मिळणार असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांचे पैसे वेगळ्या पाकिटात घालून ते घरखर्चात मिसळू देऊ नका.