पहिलं वळं आणि शेजारच्याची वीट

दर शनिवारी आमच्या कोथरूडच्या स्टुडिओत कुणीतरी नवीन येतं. फोनमध्ये जाळीकामाच्या, खडे बसवलेल्या अंगठीचा फोटो असतो आणि "दोन शनिवारात होईल ना?" असा प्रश्न. मी फोन बाजूला ठेवायला लावते आणि चांदीची एक सपाट पट्टी हातात देते. पहिल्यांदा वळं, म्हणजे साधी गोल अंगठी, करायचं. खडा नाही, नक्षी नाही. ते जमलं की बाकीचं बोलू.

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, आणि मी काही सोनार नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. पण लहानपणी कोल्हापुरात गुजरीजवळ, म्हणजे सोनारांच्या बाजाराजवळ, राहायचो. शेजारच्या सोनारकाकांच्या बागेसरीपुढे, म्हणजे त्यांच्या शेगडीपुढे, तासन्‌तास बसायचे, ती फुंकणी आणि तो टाकणखाराचा (बोरॅक्सचा) वास डोक्यात राहून गेला. निवृत्त झाल्यावर या स्टुडिओत कामाचा बाक भाड्याने घेतला. आता तेच तेच प्रत्येकाला तोंडी सांगायचा कंटाळा आला, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी माप. दोऱ्याने माप घेऊ नका, दोरा ताणला जातो. स्टुडिओत मापाच्या कड्यांचा जुडगा लटकवलेला आहे, तो वापरा. आणि माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोटं बारीक असतात. कडं पेरावरून थोडं अडत जायला हवं. आपल्याकडच्या अंगठीच्या नंबरात ४० मिळवले की आतला घेर मिलिमीटरमध्ये मिळतो. १२ नंबर म्हणजे ५२ मिलिमीटर घेर, साडेसोळा मिलिमीटर व्यास. आता इथे सगळे चुकतात: पट्टी ५२ मिलिमीटरची कापतात आणि अंगठी करंगळीत जाते. धातूला जाडी असते. आतल्या व्यासात पट्टीची जाडी मिळवायची आणि मग ३.१४ ने गुणायचं. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी असेल तर १८ गुणिले ३.१४, म्हणजे साडेछप्पन. ५७ कापा, अर्धा मिलिमीटर कानशीत जातोच.

चांदी ९२५ची घ्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. शुद्ध चांदी रोज घालायच्या वळ्याला फार मऊ, महिन्याभरात चेपते. चार मिलिमीटर रुंद, दीड जाड, ५७ लांब असा तुकडा साधारण साडेतीन ग्रॅम भरतो. जुन्या हिशोबाने एकोणतीस गुंजा. कापण्याआधी वजन करून वहीत लिहा. का ते पुढे येईल.

करवतीचं पातं बसवताना दात मुठीकडे खाली वळलेले हवेत. ही करवत खाली ओढताना कापते, वर जाताना नुसती सरकते. पातं सतारीच्या तारेसारखं टणत्कारलं पाहिजे. सैल असेल तर तुटतं. मेण लावा, जोर लावू नका. पहिल्या दिवशी मी नऊ पाती तोडली होती, तुम्ही पाच तोडलीत तर कौतुक करीन.

आता पट्टी तापवून मऊ करायची. जत्रेतल्या भजीसारखी भडक लाल नाही, जेमतेम गुलाबीसर लाल. हा रंग ट्यूबलाइटखाली दिसतच नाही, म्हणून तापवण्याआधी बाकावरचा दिवा बंद करायचा आणि शेजारच्याला आधी सांगायचं. त्याच्या हातात करवत असते. सोपी खूण अशी: पट्टीवर मार्करने रेघ मारा, ती उडाली की बऱ्यापैकी पोहोचलात. ज्योत बाजूला घ्या, लाली जाऊ द्या आणि पाण्यात टाका. चांदी वाकवत, ठोकत राहिलं की ती अडून बसते, कडक होते. आग दिली की पुन्हा ऐकते. म्हणजे हे एकदाच करायचं काम नाही. हाताला पट्टी कडक लागली की परत भट्टीकडे.

मऊ पट्टी निमुळत्या लोखंडी दांडीवर ठेवून कातड्याच्या मोगरीने वळवा. लोखंडी हातोडी घेतलीत तर खड्डे पडतील. ती गोल दिसायला हवी असा हट्ट आत्ता धरू नका, द्रोणासारखी वेडीवाकडी चालेल. दोन्ही टोकं मात्र एकमेकांना दाबून चिकटली पाहिजेत. त्यासाठी टोकं आधी एकमेकांच्या पलीकडे ढकलायची आणि मग समोरासमोर आणायची, म्हणजे पट्टीचा ताणच त्यांना धरून ठेवतो. जोडावरून करवतीचं पातं एकदा आरपार काढा, दोन्ही तोंडं समांतर होतात. मग खिडकीकडे धरून बघा. उजेडाची रेघ दिसली तर परत करवत.

हे मी वारंवार सांगते, कारण डाग फट भरत नाही. डाग म्हणजे जोडायची चांदी. मराठीत एकाच शब्दाला किती कामं: सोन्याचा डाग अंगावर घालायचा, डाग लावून तुटकं जोडायचं, आणि चुकीचा लावला तर डागच पडतो. हा जोडडाग चांदीपेक्षा थोडा आधी वितळतो. पक्का डाग साधारण ७५० अंशांना वाहतो आणि ९२५ची चांदी ८०० च्या आसपास ढेपाळायला लागते. मधे पन्नास अंशांची जागा. स्वयंपाकघरात साखरेचा पाक करणाऱ्याला हे लगेच कळतं, इंजिनिअरला वेळ लागतो.

डाग विकत घेताना कॅडमियम नसलेला मागून घ्या. जुन्या केडीएम दागिन्यांत तेच असायचं आणि त्याचा धूर फुप्फुसाला वाईट. घरी एकटे असता तर तुमचं तुम्ही बघितलं असतं. इथे तो धूर सहा जण घेतात. एक्झॉस्ट पंखा लावल्याशिवाय गॅसची टॉर्च पेटवायची नाही.

आणि पेटवण्याआधी वीट बघा, ज्यावर ठेवून काम तापवतो ती. माझ्या दुसऱ्या अंगठीला आग देत होते, तर पट्टीवर मुंग्यांनी कुरतडल्यासारखी भोकं पडायला लागली. मला वाटलं जास्त तापलं. तसं नव्हतं. त्याच विटेवर आदल्या दिवशी कुणीतरी पितळेच्या कानातल्यांना कथील-शिशाचा मऊ डाग लावला होता आणि त्याचे थेंब भेगांत राहिले होते. शिसं नि चांदी एकत्र तापली की फार कमी उष्णतेला वितळणारं मिश्रण होतं आणि ते चांदीला खात आत जातं. ती अंगठी वाचली नाही. तेव्हापासून मऊ डागाची वीट, चिमटा आणि कानस लाल रंगवून वेगळ्या कप्प्यात ठेवतो. लाल रंगाचं काहीही चांदीजवळ आणायचं नाही, आणि विटेची शंका असेल तर शेजारच्याला विचारायला लाजायचं नाही.

टाकणखार सहाणेवर पाणी घालून गंधासारखा उगाळा, दुधाइतका दाट. हा जोडाला आणि डागाच्या कणीला लावायचा. तापताना तांब्याचं ऑक्साइड होतं आणि त्यावर डाग वाहत नाही. टाकणखार ते विरघळवून घेतो आणि हवा लांब ठेवतो. डागाची एकच कणी घ्या, मोहरीएवढी. नवे लोक चार घेतात आणि मग तासभर कानस मारत बसतात. कणी विटेवर ठेवून त्यावर जोड येईल असं वळं उभं करा.

ज्योत मोठी, मऊ, पिसाऱ्यासारखी. टोकदार निळी नको. आणि जोडावर रोखायची नाही! चांदी उष्णता सगळीकडे पळवते, म्हणून आधी समोरची बाजू, मग सगळं वळं फिरत फिरत, शेवटी जोड. डाग नेहमी जास्त गरम बाजूकडे धावतो. फक्त कणीच तापवलीत तर ती गोळी होऊन बसते आणि अंगठी थंडच राहते. टाकणखार आधी फुगून पांढरा होतो, साबुदाण्याच्या पापडासारखा. इथे कणी उडू शकते, चिमट्याने परत ढकला. मग तो बसतो, काचेसारखा पारदर्शक होतो. आता डोळे हलवू नका. एकदम एक चकचकीत रेघ जोडातून वर चढते. दिसली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. आणखी थोडं तापवूया म्हणणाऱ्यांच्या अंगठ्या मी डबीत जमवून ठेवल्या आहेत, बघायला मागा.

आता वळं काळंमिचकुट झालेलं असतं. सोनारकाका तुरटीच्या पाण्यात उकळायचे. आम्ही लिंबूफूल वापरतो, ढोकळ्यात घालतो तेच: अर्धा लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. दहा-पंधरा मिनिटांत चांदी पांढरी होते. त्या भांड्यात लोखंडी चिमटा घालू नका, तांब्याचाच घाला. पाण्यात आधीच्या कामांचं तांबं विरघळलेलं असतं; लोखंड आलं की ते बाहेर पडून चांदीवर बसतं आणि सगळ्यांच्या अंगठ्या गुलाबी होतात. शाळेच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया. मुलांना लोखंडी खिळा नि मोरचूद घेऊन दाखवायचे, इथे सहा जणांच्या अंगठ्यांवर दाखवून बसले. एकदाच, पण अजून ऐकवतात.

नंतर दांडीवर चढवून मोगरीने गोल करा. दांडी निमुळती असते, म्हणून अंगठी उलटून दुसऱ्या बाजूनेही चढवा, नाहीतर एक कड सैल राहते. अर्धा नंबर घट्ट झाली तर गुळगुळीत लोखंडी हातोडीने हलके ठोके देत थोडी पसरवता येते. मग कानस, मग पॉलिश कागद ४००, ६००, १०००, १२०० या क्रमाने. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नका. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात छोटी वाट नाही.

बफच्या, म्हणजे फिरत्या चाकाने चमकवायच्या, मशिनवर केस बांधलेले, ओढणी काढलेली, हातमोजे नकोत. साखळी तर हातात धरून कधीच नाही. मशीन ती ओढून घेते आणि बोटासकट घेते. मला विचाराल तर पहिल्या वळ्याला मशीन नकोच. रिठ्याच्या कोमट पाण्यात पितळी तारांच्या ब्रशने घासा, जी मऊ चमक येते ती बफच्या आरशापेक्षा मला आवडते. अर्थात हे माझं मत.

आता केर. गुजरीत सोनारांच्या दुकानांपुढची माती झाडून न्यायला झारेकरी यायचे. ती माती धुऊन, गाळून ते त्यातून सोन्याचे कण काढायचे, आणि त्यावर घर चालायचं. मग तुमच्या बाकाखालच्या कातडी झोळीत पडलेला कीस कचरा कसा असेल? सोन्याचं काम झालेल्या बाकावर बसलात तर आधी झोळी झाडून तो कीस ज्याचा त्याला द्या. तुमची चांदी त्यात मिसळली तर त्याचं सोनं गाळायला खर्च येतो, आणि भांडण मला मिटवावं लागतं. कानसही वेगळी, तिच्या दातांत धातू बसतो.

शेवटी वळं आणि कीस दोन्ही तराजूवर ठेवा. सुरुवातीचे साडेतीन ग्रॅम वहीत आहेतच. वळं तीन पूर्णांक दोन आणि कीस दोन दशांश भरला तर हात बरा आहे; बाकीचं कागदाला नि जमिनीला गेलं. कीस पुडीत बांधून वर "चांदी ९२५, डागासकट" असं लिहा, तारीख घाला. डागासकट हे विसरू नका, नाहीतर गाळणारा भाव देताना कुरकुरतो. सिलिंडरची चावी बंद केल्याची वेळ दाराजवळच्या वहीत लिहा, आणि विटेवर काय केलंत तेही. पुढच्या शनिवारी त्या बाकावर दुसरंच कुणी बसणार आहे.