नोकरी स्वीकारण्यापूर्वी कंपनी कशी पारखावी

मुलाखतीला कोणता सदरा घालावा आणि ‘तुमचा एखादा दोष सांगा’ या प्रश्नाला कोणता गोंडस दोष सांगावा, यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे. समोरची कंपनी कशी आहे हे कसे ओळखावे, यावर मात्र ‘ऑफिसचे वातावरण बघा’ यापलीकडे कोणी फारसे बोलत नाही. चौदा वर्षांत पाच नोकऱ्या आणि वीसेक मुलाखती झाल्यावर माझे मत असे, की वातावरणावरून काहीही कळत नाही. कंपनी कळते ती कागदांवरून, आणि तीही निवड झाल्यापासून रुजू होईपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत.

मुलाखतीआधी दहा मिनिटे काढून भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधावे. कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरला गेला, हे तिथे दिसते. जिथे पीएफचा भरणा तीन-तीन महिने रखडतो, तिथे पगार वेळेवर होईल अशी आशा मी तरी धरत नाही. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून कोणी पैसे मागितले, तर बोलणे तिथेच थांबवावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

प्रत्यक्ष मुलाखतीत एकच प्रश्न न विसरता विचारावा: ‘ही जागा का रिकामी झाली, आणि आधीची व्यक्ती इथे किती काळ होती?’ तासभर ताटकळत बसावे लागले म्हणून कंपनी वाईट ठरत नाही, पण या साध्या प्रश्नावर समोरचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले, तर त्याची नोंद घ्यावी.

खरी परीक्षा ऑफर लेटर हाती पडल्यावर सुरू होते आणि नेमका तिथेच मी एकदा सपशेल फसलो होतो. हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या कंपनीत, रुजू होण्याच्या दिवशी, एचआरच्या बाईंनी पदवीचे मूळ प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि सही केलेला कोरा धनादेश मागितला. मी घुटमळलो, तेव्हा ‘अहो, सगळेच देतात’ असे म्हणून त्यांनी आधीच्या मुलांच्या पाकिटांचा गठ्ठा दाखवला आणि मी माझेही पाकीट त्यावर ठेवले. संध्याकाळी वडिलांनी फोनवर एवढेच विचारले, ‘पावती घेतलीस का?’ पावती नव्हती. नोकरी सोडल्यानंतर ती कागदपत्रे परत मिळायला सात महिने लागले, आणि दरम्यान पडताळणीसाठी मूळ प्रती दाखवता न आल्यामुळे एक चांगली संधी हातची गेली.

म्हणून माझे ठाम सांगणे असे, की मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, प्रती द्याव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी आणावेत. सही केलेला कोरा धनादेश तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २० नुसार असा अपुरा दस्तऐवज भरून पूर्ण करण्याचा अधिकार तो धारण करणाऱ्याला मिळतो, आणि पुढे धनादेश न वटल्यास कलम १३८ चा फौजदारी खटला मागे लागू शकतो.

‘बाँडला काही अर्थ नसतो, बिनधास्त सही कर’ हा मित्रमंडळींचा सल्लाही अर्धवट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करण्यास सरसकट मनाई करणारी अट सहसा टिकत नाही, हे खरे. पण ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरपाई द्यावी लागेल, ही अट वेगळी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अशीच २ लाख रुपयांची अट वैध ठरवली. त्यामुळे रक्कम, मुदत आणि तिच्या बदल्यात कंपनी नेमके कोणते प्रशिक्षण देणार, हे तिन्ही लेखी असल्याशिवाय सही करू नये. तीन दिवसांच्या पॉवरपॉइंटला प्रशिक्षण म्हणून दोन वर्षांचा बाँड मागणाऱ्या कंपनीला मी नकार कळवला होता.

त्यानंतर पगाराची फोड पाहावी. ६ लाखांचे पॅकेज म्हणजे महिना ५० हजार, असा हिशेब नवखे करतात. मूळ वेतन २५ हजार, त्यावर १२ टक्के पीएफ आणि ६० हजारांचा ‘कामगिरीनुसार’ भाग धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १४,४०० रुपये हे दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी ३६,००० आणि व्यवसाय कर २,५०० रुपये. हातात पडतात महिना साडेसदतीस हजारांच्या आसपास. गेल्या वर्षी हा कामगिरीनुसारचा भाग प्रत्यक्षात किती टक्के दिला गेला, हे ईमेलवरच विचारावे. उत्तर फोनवर आले, तर ‘आपले बोलणे झाल्याप्रमाणे’ असे लिहून तेच पुन्हा ईमेलने पाठवावे.

नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हेही तपासावे. तुम्हाला ९० दिवस आणि कंपनीला १५, अशी पत्रे मी पाहिली आहेत.

सध्याच्या नोकरीचा राजीनामा सर्वांत शेवटी द्यावा: रुजू होण्याची तारीख आणि सही असलेले पत्र हाती आल्यावर, आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खाजगी ईमेलवर ठेवूनच.