वर्गात सतत दंगा करणारं मूल : वर्गशिक्षकाने काय करावं?

दंगा करणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं केलं की तास शांतपणे पार पडतो. पण ज्याला तो तास नकोच होता, त्याचं आयतंच फावतं आणि दुसऱ्या दिवशी दंगा वाढतो. छडीच नव्हे, तर मानसिक छळालाही शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार मनाई आहे. तेव्हा आधी दंगा कशासाठी होतोय ते शोधा.

त्यासाठी दोन आठवडे नोंद ठेवा. वहीच्या पानावर चार रकाने आखा : तास, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. ‘उद्धट वागला’ अशी नोंद निरुपयोगी. ‘मराठीच्या तासाला मोठ्याने वाचायला सांगितलं, त्याने शेजाऱ्याची वही फेकली, त्याला बाहेर काढलं’ ही खरी नोंद. अशी तीन-चार वाक्यं जमली की दिसतं, मूल वाचन टाळतंय. मग त्याला एकट्याला दोन इयत्ता खालचा उतारा वाचायला द्या. तिथेही अडखळलं तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची) तपासणी हवी. दंगा रोज मधल्या सुट्टीच्या आधीच होत असेल, तर सकाळी काही खाऊन येतो का ते विचारा. फळ्यावरचं उतरवताना चुळबुळ होत असेल, तर दृष्टी तपासून घ्या. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला त्याचं नाव आधीच देऊन ठेवा.

बोलायचं ते शांत झाल्यावर आणि एकट्याशी. शिक्षक-खोलीत नको, तिथे चार जण शेरे मारतात. शेजारी बसा, पाच-दहा मिनिटं पुरे. ‘असं का केलंस?’ म्हटलं की मूल गप्प होतं किंवा खोटं बोलतं. ‘वही फेकण्याआधी काय झालं होतं?’ याला उत्तर मिळतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर खोदून विचारू नका, मुलाचेच शब्द लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने (२०१२) ते बंधनकारक आहे; मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे ती जबाबदारी संपत नाही. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

यानंतर रोजचं कार्ड, म्हणजे प्रत्येक तासाच्या शिक्षकाने मुलाच्या वागण्याला गुण द्यायचं कार्ड. लक्ष्यं दोनच, आणि ती काय करायचं ते सांगणारी : ‘बोलण्याआधी हात वर करीन’, ‘तास सुरू होताना वही उघडीन’. सात तास, प्रत्येक लक्ष्याला एक गुण, म्हणजे दिवसाचे १४. सध्या त्याला सहा मिळत असतील तर पहिल्या आठवड्याचं उद्दिष्ट सातच ठेवा. थेट बारा ठेवलं तर मंगळवारपर्यंत कार्ड फाटलेलं असेल! परिपाठाआधी दोन मिनिटं कार्ड हातात द्यायचं, शाळा सुटताना दोन मिनिटं एकत्र पाहायचं. ही चार मिनिटं त्याच एका शिक्षकाने रोज द्यायची. खरा फरक या मिनिटांनीच पडतो, म्हणून त्यात खंड नको.

कार्ड बहुतेकदा बिघडतं ते इतर शिक्षकांमुळे. मिळालेला गुण कापायचा नाही आणि त्यावर तक्रारी लिहायच्या नाहीत, हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा. आणखी एक : आरडाओरड्याकडे लक्ष देणं थांबवलं की पहिले काही दिवस तो वाढतो. कारण आजवर जे मिळत होतं ते मिळवायला मूल जास्त जोर लावतं. इथेच बरेच जण उपाय सोडून देतात. मारामारी किंवा इजा होईल असं वागणं मात्र तिथल्या तिथे थांबवायलाच हवं.

पालकांना पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करा. तक्रारीच्या फोननंतर घरी मार बसणार असेल, तर तो फोन न केलेला बरा. आई-वडील ऊसतोडीला गेले असतील तर मूल सध्या कुणाकडे राहतं ते विचारा आणि त्या आजी-आजोबांशीच बोला.

सलग तीन आठवडे उद्दिष्ट गाठलं की कार्ड एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. एकदम बंद करू नका. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले तर त्यांच्याकडे खोड्यांची यादी देऊ नका. मूल कशाने बिथरतं आणि कशाने शांत होतं, एवढंच एका पानावर लिहून द्या.