पॅड बांधून गोलंदाजी करणारा मंत्री: आल्फ्रेड लिटलटन यांचे छोटे चरित्र कसे लिहावे

खेळ, वकिली आणि राजकारण अशा तीन क्षेत्रांत वावरलेल्या माणसाचे चरित्र लिहिताना खेळातल्या गमतीजमतींवरच निम्मी पाने खर्च करण्याचा मोह होतो. तो टाळायचा असेल तर लेखनाला हात घालण्यापूर्वी कागदावर तीन उभे रकाने आखावेत आणि त्यांत केवळ सनावळी भरावी. लिटलटन यांचा जन्म 1857 चा. 1879 मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार होते, 1881 मध्ये बॅरिस्टर झाले, 1895 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले आणि 1903 मध्ये वसाहतमंत्री झाले. पण त्यांचे चारही कसोटी सामने 1880 ते 1884 या काळातले आहेत, म्हणजे बहुतेक बॅरिस्टर झाल्यानंतरचे, आणि 1898 मध्ये खासदार असतानाच ते एम. सी. सी. चे, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबचे, अध्यक्ष होते. तेव्हा ‘क्रिकेट सोडून ते वकिलीकडे वळले’ हे सोयीचे वाक्य रकाने भरतानाच खोडून टाकावे लागते.

क्रिकेटसाठी एकच सामना निवडावा आणि तो धावफलक समोर ठेवून लिहावा. ऑगस्ट 1884, लंडनचे ओव्हल मैदान; ऑस्ट्रेलियाच्या 551 धावा, त्यांत मर्डॉक यांच्या 211. इंग्लंडच्या अकराही खेळाडूंनी गोलंदाजी केली आणि अखेर यष्टिरक्षक लिटलटन यांनी पायांतले पॅड न सोडता हाताखालून चेंडू टाकत 19 धावांत 4 बळी घेतले. यष्ट्यांमागे तेव्हा डब्ल्यू. जी. ग्रेस उभे होते. मराठी वाचकाला हे दृश्य जवळचे वाटावे म्हणून दोन धागे जोडता येतात: इंग्लंडच्या त्या संघाचे कर्णधार लॉर्ड हॅरिस पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, ज्यांच्या नावाने मुंबईच्या शाळा आजही हॅरिस शील्ड खेळतात, आणि 2002 मध्ये अँटिग्वाला भारताच्या अकराही जणांनी गोलंदाजी केली, त्यांत यष्टिरक्षक अजय रात्राही होते. क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत इंग्लंडकडून खेळलेले लिटलटन हे पहिले खेळाडू, ही नोंद एका वाक्यात उरकावी.

वकिलीचा भाग आटोपशीर चालेल, मात्र पदांची नुसती जंत्री देऊ नये. ते हेरफर्डचे आणि नंतर ऑक्सफर्डचे ‘रेकॉर्डर’ होते. हा शब्द तसाच सोडला तर वाचकाला कारकून आठवेल, म्हणून वकिली चालू ठेवून अर्धवेळ न्यायाधीशाचे काम करणारा, असे तिथेच सांगून टाकावे.

खरी मेहनत वसाहतमंत्रिपदावर घ्यावी, कारण तिथे प्रेमळ चरित्रकाराची लेखणी अडखळते. बोअर युद्धानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना मजूर कमी पडू लागले, तेव्हा चीनमधून कराराने मजूर आणण्याच्या 1904 च्या कायद्याला लिटलटन यांनी मंजुरी दिली आणि पार्लमेंटात त्याचा बचावही केला. साठ हजारांहून अधिक माणसे आली. त्यांना कुंपणाआडच्या वस्त्यांत राहावे लागे आणि परवान्याशिवाय बाहेर पडता येत नसे. मजुरांना फटके मारण्याची मुभा तिथले ब्रिटिश उच्चायुक्त मिल्नर यांनी दिली होती, ही जबाबदारी लिटलटन यांच्या माथी मारू नये. पण आयातीच्या मंजुरीतून त्यांना मोकळेही करू नये. 1906 च्या निवडणुकीत ‘चिनी गुलामगिरी’ हा विरोधकांचा गाजलेला मुद्दा होता, त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला आणि त्यांची स्वतःची जागाही गेली, जरी त्याच वर्षी ते दुसऱ्या मतदारसंघातून परतले. ‘मैदानावरची खिलाडूवृत्ती त्यांनी राजकारणात आणली’ असे वाक्य सुचलेच, तर या मजुरांच्या परिच्छेदाशेजारी ठेवून वाचून पाहावे. माझ्या मते ते टिकत नाही.

मृत्यूचा प्रसंग मात्र विशेषणांविना लिहावा. 1913 च्या उन्हाळ्यात, वयाच्या 56 व्या वर्षी, लंडनमधल्या एका साध्या सामन्यात त्यांना चेंडू लागला, आत गळू झाले आणि 5 जुलैला ते गेले.