छपरावरचा डाग कुठून आला? मॉडेल रेल्वेच्या इमारती रंगवताना या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ आणि गाव मांडलेला छोटा देखावा, टेबलावर असतो आणि आपण त्याच्याकडे वरून बघतो. त्यामुळे पहिली नजर पडते ती छपरांवर. तरीही बहुतेकजण भिंतीची वीट न् वीट रंगवतात आणि छपराला शेवटी करड्या रंगाचा एक हात देतात. सुरुवातीला मीही तेच करत होतो. माझा लेआउट बार्शी लाइट रेल्वेवर बेतलेला आहे, म्हणजे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली २ फूट ६ इंची नॅरोगेज. दोन रुळांमधलं ७६२ मिलिमीटरचं हे अंतर १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकं केलं की, ८.८ मिलिमीटर होतं, त्यामुळे ९ मिलिमीटरचा तयार रूळ सहज चालतो. गाडी जमली, रूळ जमले, पण गाव काही सोलापूरकडचं वाटेना. खोट छपरांत होती.

पहिली चूक म्हणजे परदेशी व्हिडिओ बघून छपराला हिरवं शेवाळ लावणं. तिकडच्या ओल्या हवेत ते खरं आहे, आपल्या कोकणातही खरं आहे. सोलापूरला वर्षाकाठी पाऊस जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर आणि त्यापुढे आठ महिने कोरडं ऊन. इथलं छप्पर उन्हाने विटतं आणि धुळीने मळतं. हिरवा रंग हवाच असेल तर पन्हाळीच्या तोंडाशी काळपट हिरव्याचा एक ठिपका पुरे. बाकी सगळीकडे फिकट मातकट रंगाची झाक द्या.

त्याआधी एक काम करा. लेआउटची उत्तर दिशा ठरवून टेबलाच्या कडेला खूण करून ठेवा. दक्षिणेकडची उतरण जास्त विटलेली, उत्तरेकडची जरा गडद, एवढ्यानेही छपरात जीव येतो. सूतगिरणी करत असाल तर हे फारच महत्त्वाचं. गिरणीचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर गंमत म्हणून तसं नसतं. दात्याची उभी काचेची बाजू उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे यंत्रांवर सारखा उजेड पडतो आणि ऊन आत येत नाही. ती बाजू दक्षिणेला वळवली, तर ज्यांच्या घरातली माणसं गिरणीत होती त्यांच्या ती लगेच लक्षात येते. दोन दात्यांमधल्या पन्हाळीत सगळा मळ साचतो. तिथे गडद पट्टा हवाच.

आता पत्रा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

खोक्याचा नालीदार पुठ्ठा सोलून पत्रा म्हणून लावू नका. नेहमीच्या पत्र्याच्या दोन नाल्यांमधलं अंतर ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते ०.९ मिलिमीटरही भरत नाही. पुठ्ठ्याची नाली ६ मिलिमीटरची असेल तर खऱ्या मापात ती अर्ध्या मीटरहून रुंद झाली. त्यावर रंग कितीही छान चढवा, पत्रा खोटाच दिसणार. मी हार्डवेअरच्या दुकानातून ५ मिलिमीटर जाडीचा, पूर्ण आट्यांचा रॉड आणतो. त्याच्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं. जुन्या माउस पॅडवर स्वयंपाकघरातली जाडसर ॲल्युमिनियम फॉइल ठेवायची आणि रॉड दाबून एकाच दिशेने लाटायचा. रेघा किंचित तिरप्या उमटतात, म्हणून पत्रा फॉइलच्या कडेने न कापता रेघेच्या दिशेने कापायचा. एक पत्रा साधारण ९ मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर लांब ठेवा, आणि एकेक पत्रा खालून वर चढवत जा. अख्ख्या उतरणीला एकच सलग पत्रा कोणी बसवत नाही.

फॉइलवर थेट ॲक्रिलिक लावलं तर ते नखाने निघतं. आधी भांड्याच्या साबणाने तेलकटपणा धुवा, सुकू द्या, मग प्राइमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, पातळ स्प्रे मारा. पण खाली फोमबोर्ड असेल तर सांभाळा. माझ्या पहिल्या मालधक्क्याच्या शेडची कड स्प्रेने विरघळून आत बसली, कारण फोमबोर्डाचा गाभा थर्मोकोलच्याच जातीचा असतो आणि स्प्रेमधलं द्रावण त्याला खातं. उघड्या कडांना आधी फेव्हिकॉलचे दोन हात द्या, किंवा पत्रे वेगळे रंगवून मग चिकटवा.

आणि गंज. सगळ्या पत्र्यावर सारखा नारिंगी रंग फासला की छप्पर मातीच्या भांड्यासारखं दिसतं. पत्र्यावर जस्ताचा थर असतो, लोखंडाच्या आधी तो झिजतो. म्हणून नवा पत्रा चकचकीत, काही वर्षांनी निस्तेज राखाडी, आणि गंज सुरू होतो तो जस्त संपलेल्या जागी, म्हणजे कापलेल्या कडा, खिळ्यांची भोकं आणि पत्र्यावर पत्रा चढतो तिथल्या ओल धरणाऱ्या फटी. तिथून तो पाण्याच्या वाटेने खाली ओघळतो. ब्रश नेहमी वरून खाली ओढा, आडवा नको. आधी गडद तपकिरी, त्यात थोडा जुना लालसर, आणि नारिंगी अगदी टोकाला, कारण नारिंगी हा ताजा गंज. एखादा पत्रा पूर्ण गंजलेला आणि शेजारचा नवाकोरा ठेवा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडवर नजर टाका, एकाच वेळी सगळे पत्रे कोणी बदलत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र गंज दाखवू नका. तो काळवंडतो, आणि गंजाचा डाग पडलाच तर फक्त हूक-बोल्टच्या खाली.

वॉश, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाचा हात, देताना आपल्याकडचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पातळ ॲक्रिलिक मिनिटभरात सुकतं आणि कडेने भरतीच्या रेघेसारखं वर्तुळ उमटतं. वॉशआधी छपरावर साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी फिरवा, एका वेळी एकच उतरण घ्या, आणि हे काम रात्री करा. वर्तुळ पडलंच तर ओल्या ब्रशने लगेच कड पसरवा. सुकल्यावर घासत बसू नका, खालचा रंग निघेल. त्यापेक्षा वरून मूळ रंगाचा अगदी पातळ हात द्या. स्प्रेचंही तसंच आहे. दुपारी रंगाचा कण हवेतच सुकतो आणि छप्पर सँडपेपरसारखं खरखरीत होतं. सकाळी सातच्या आत, नाकाला मास्क लावून, अंगणात मारा.

मंगलोरी कौलं एकाच विटकरी रंगात रंगवू नका. दहातलं एखादं कौल जरा काळं, एखादं फिकट करा. आढ्यावरच्या कौलांना चुन्याचा पांढुरका सांधा दाखवा. १:८७ मध्ये एक कौल पावणेपाच मिलिमीटर लांब असतं, त्यामुळे हे काम कंटाळवाणं असलं तरी अशक्य नाही.

गावातली जुनी घरं करताना सगळ्यांना उतरती छपरं देणं ही चूक मला सर्वात जास्त खटकते. आपल्या भागातलं खरं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. माळवद नुसतं रंगवून जमत नाही, तिथे माती हवी. पांढरी माती वस्त्रगाळ करा, फेव्हिकॉल आणि पाण्यात कालवून थापा. रानातली काळी माती घेऊ नका, या मापात ती डांबरासारखी दिसते आणि सुकताना भेगाळते. पन्हाळीखाली भिंतीवर ओघळ काढा. उन्हाळ्याचा देखावा असेल तर वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल चौकोन ठेवा.

धुळीसाठी खडूची पूड सगळ्यात शेवटी. वर मॅट वार्निश मारलं की निम्मी पूड दिसेनाशी होते आणि लोकांना वाटतं काम बिघडलं. पूड आधीच दुप्पट लावा, वार्निश लांबून नुसतं भुरभुरवा, किंवा हात लागणार नसेल तर वार्निश लावूच नका.

वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर दगड ठेवलेले असतात, ते विसरू नका. पण ते रंगकामाआधी चिकटवू नका, ब्रश अडतो. आधी ओघळ काढा, मग दगड बसवा. प्रत्येक दगडाच्या वरच्या अंगाला, जिथे वाहून येणारा कचरा अडतो, धुळीची बारीक चंद्रकोर ठेवा आणि खालच्या अंगाला गंजाची एक रेघ ओढा.